वार लावलेले गाव
प्रवासाची दैनंदिनी : औंध, आटपाडी, किर्लोस्करवाडी

सोमवार

रहिमतपूर मागे पडले की उसाचे फड विरळ होत जातात आणि बोडक्या टेकड्या रस्त्याजवळ सरकतात. मागील अंकात कृष्णेकाठाने चाललेला प्रवास आता खटाव तालुक्याच्या कोरड्या माळाकडे वळला आहे. गाडीत दोघी आहेत. ही दैनंदिनी जिच्या वहीतून उतरते ती, आणि ऐंशी ओलांडलेली तिची आत्या. आत्याला औंधला दोन कामांसाठी यायचे होते. यमाईची ओटी भरायची, आणि वडिलांना ज्या गावाने जेवू घातले ते गाव एकदा डोळे भरून पाहायचे.

आत्याचे वडील औंधच्या शाळेत वार लावून शिकले. सोमवारी एका घरी जेवण, मंगळवारी दुसऱ्या, असा आठवडा गावातल्या घरांनी वाटून घेतलेला. एखादा वार रिकामा राहिला की त्या दिवशी भाजलेले दाणे आणि पाणी. म्हातारपणी नातवंडांची नावे त्यांच्या तोंडी उलटसुलट व्हायची, पण कोणत्या वारी कोणत्या घरी पानात काय पडायचे ते शेवटपर्यंत पाठ होते.

“बुधवारच्या घरच्या काकू ‘अजून हवं का रे’ असं कधी विचारायच्या नाहीत,” आत्या सांगते. “वाढायच्याच. विचारलं की पोर नको म्हणतं, हे त्यांना ठाऊक होतं.”

अशा परक्या पोरांपैकी ज्याचे नाव पुढे घराघरांत पोचले तो कोकणातल्या पालगडचा. पांडुरंग सदाशिव साने. दापोलीची शाळा सोडून तो औंधला आला, कारण घरची परिस्थिती ढासळली होती आणि या संस्थानात गरीब मुलाला शिकता येते अशी ख्याती होती. नारळी-पोफळीच्या गावातला मुलगा या उघड्या माळावर आला, हाताने रांधून खाऊ लागला, अर्धपोटी राहून अभ्यास करू लागला. मग गावात प्लेग आला आणि त्याला औंध सोडावे लागले. पुढचे शिक्षण पुण्याच्या नूतन मराठी विद्यालयात झाले. 1917 साली आई गेली. 1933 मध्ये नाशिकच्या तुरुंगात त्यांनी ‘श्यामची आई’ लिहिली. औंधचे दिवस अधिक विस्ताराने ‘धडपडणारा श्याम’मध्ये आले आहेत.

आत्याच्या घरात ‘श्यामची आई’ मोठ्याने वाचायची पद्धत होती. वाचणारा रडू लागला की पुस्तक पुढच्याच्या हातात जायचे. मात्र तिला स्वतःला साने गुरुजींचे अमळनेरचे दिवस जास्त जवळचे वाटतात. 1924 पासून 1930 पर्यंत ते तिथल्या प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक होते. छात्रालयातल्या मुलांची अंथरुणे आवरत, त्यांचे कपडे धूत. घरापासून तुटलेल्या मुलाला काय लागते हे त्यांना कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. ते औंधला त्यांनी स्वतः भोगले होते.

संध्याकाळी दोघी गावातल्या यमाईच्या देवळापाशी पोचल्या. समोरच्या दीपमाळेकडे पाहताना मान पार मागे न्यावी लागते.

मंगळवार

सकाळी उन्हाआधी मूळपीठाचा डोंगर. वर गाडी जाते, पण आत्याला पायऱ्यांनीच जायचे होते. बसत, उठत, पुन्हा बसत. वाटेत माळा-नारळ विकणाऱ्या एका बाईने आपले पोते झटकून पायरीवर अंथरले, तांब्या पुढे केला आणि म्हणाली, “दमानं घ्या आजी. आई काय पळून जात न्हाय.” तिच्याकडून नारळ घेतला तेव्हा ती पाण्याचे काही बोललीसुद्धा नाही. आत्यानेही आभार मानले नाहीत. उतरताना तिच्या कपाळाला देवीचा मळवट लावला, एवढेच.

वर तटबंदीच्या आत काळ्या पाषाणाची भव्य यमाई. इथे देवीने औंधासुराचा वध केला अशी कथा आहे. साताऱ्या-सांगलीपलीकडेही कितीतरी घराण्यांची ही कुलस्वामिनी. औंधच्या पंतप्रतिनिधींचीही तीच.

त्या घराण्यातले भवानराव श्रीनिवासराव, लोकांच्या तोंडी बाळासाहेब, 1909 मध्ये गादीवर आले. जन्म 1868 चा, मृत्यू 1951 चा. त्यांच्या संस्थानात 72 गावे होती, तीही सलग नाहीत. औंध एकीकडे, आटपाडी दुसरीकडे, कुंडल तिसरीकडे, आणि गुणदाळ तर आजच्या कर्नाटकात. पाऊस कमी, वसूल बेताचा. संस्थानांच्या उतरंडीत औंध लहानच. तरी इथला राजा रोज पहाटे सूर्यनमस्कार घाली आणि शाळाशाळांतून मुलांकडून घालून घेई. तो कीर्तन करी. रामायणावर स्वतः चित्रे काढून त्याने 1916 मध्ये ‘चित्ररामायण’ छापले. पुण्याच्या भांडारकर संस्थेत महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम उभे राहत होते, तेव्हा एक लाख रुपये देण्याचे वचन या छोट्या संस्थानाच्या राजाने दिले होते.

डोंगराच्या वाटेवरच श्री भवानी चित्रसंग्रहालय. हे 1938 सालचे. राजा रविवर्म्याची चित्रे इथे आहेत आणि हेन्री मूर या इंग्रज शिल्पकाराचे दगडातले आई-मूलही आहे. लंडनच्या दालनात लोक ज्याच्यापुढे रांगा लावतात त्या कलावंताचे काम खटावच्या माळावर! यात्रेला आलेला शेतकरी देवीचे दर्शन घेऊन सहज आत शिरतो. आत्या त्या दगडी आईसमोर बराच वेळ उभी राहिली. “नाकडोळे नाहीत, पण मूल कसं घट्ट धरलंय बघ,” म्हणाली.

बुधवार

पाय दुखत असल्याने आज गावातच. सकाळ गाण्याच्या घराण्याची विचारपूस करण्यात गेली. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांचे शिष्य अनंत मनोहर जोशी, म्हणजे अंतुबुवा, औंध दरबारचे गवई. आपले आध्यात्मिक गुरू शिवानंद स्वामी यांच्या स्मरणार्थ त्यांनी संगीताचा उत्सव सुरू केला. मुलगा गजाननबुवा यांनी तो पुढे चालवला, शिष्यांनी त्यानंतरही. आश्विन वद्य पंचमीला गायक-वादक या आडगावी येतात आणि गाणे रात्रभर चालते. गजाननबुवा गळ्यानेही गात आणि व्हायोलिनवरही. वडिलांखेरीज रामकृष्णबुवा वझे, भूर्जी खाँ, विलायत हुसेन खाँ अशा वेगवेगळ्या घराण्यांच्या उस्तादांपाशी ते शिकले. एका हिंदू स्वामींच्या पुण्यस्मरणात मुसलमान उस्तादांनी दिलेल्या चिजा गायल्या जातात, आणि औंधात त्याचे कोणाला नवल वाटत नाही.

दुपारी सातवळेकरांची आठवण निघाली. श्रीपाद दामोदर सातवळेकर हे मूळचे सावंतवाडीकडचे, जे. जे.मध्ये शिकलेले चित्रकार. हैदराबाद, लाहोर अशी भटकंती करून आणि इंग्रजी राज्यात तुरुंग भोगून ते औंधला आले. बाळासाहेबांनी जागा दिली आणि स्वाध्याय मंडळ उभे राहिले. त्यांनी इथे बसून वेदांचे ग्रंथ शोधले, छापले, सामान्यांना समजतील असे केले. 1948 मध्ये गांधीहत्येनंतर उसळलेल्या जाळपोळीच्या दिवसांनंतर ते गुजरातेतील पारडीला गेले. वय ऐंशीच्या घरात, तरी तिथे काम नव्याने मांडले. शंभरी पार करून 1968 मध्ये ते गेले. औंधने ज्यांना आसरा दिला त्यांतल्या काहींना औंधमधूनच उठून जावे लागले, हेही या गावाच्या हिशेबात लिहायला हवे.

गुरुवार

आज लांबचा पल्ला. वडूज, मायणी, विटा, भिवघाट, आटपाडी. माणदेशाची माती लागली. डाळिंबांच्या बागा आता खूप दिसतात, मेंढरांचे कळप अजूनही दिसतात.

साहित्याच्या नकाशावर इतका छोटा मुलूख इतका दाट क्वचितच असेल. शेटफळ्याला ग. दि. माडगूळकर जन्मले, 1919 मध्ये. माडगूळ गाव त्यांचे आणि व्यंकटेश माडगूळकरांचे. ‘बनगरवाडी’तला कोवळा मास्तर धनगरांच्या वाडीवर शाळा चालवायला जातो तो औंध संस्थानचाच नोकर, आणि वाडीने बांधलेली तालीम पाहायला येणारा राजाही इथलाच. आटपाडीचे शंकरराव खरात 1921 चे. वडील तराळकी करणारे. आटपाडी, औंध आणि पुणे असे शिकत ते वकील झाले, लेखक झाले, मराठवाडा विद्यापीठाचे कुलगुरू झाले. ‘तराळ-अंतराळ’ वाचताना एक गोष्ट बोचत राहते. ज्या मुलखाने शाळेचे दार उघडले त्याच मुलखातल्या गावगाड्याने अस्पृश्यतेचे चटकेही दिले. आत्याच्या वडिलांना जी वारांची घरे मिळाली ती महाराच्या मुलाला मिळणे शक्य नव्हते. गाडीत दोघी यावर बोलल्या. आत्या म्हणाली, “बाबांनाही ते कळलं होतं. उशिरा कळलं, पण कळलं.” नंतर आपल्या घरी जेवायला येणाऱ्या मुलाला त्यांनी कधी जात विचारली नाही.

आटपाडीजवळ स्वतंत्रपूर.

1938 च्या नोव्हेंबरात, आपल्या वाढदिवसाच्या सुमारास, बाळासाहेबांनी राज्य प्रजेच्या हाती देण्याची घोषणा केली. राजपुत्र अप्पासाहेब ऑक्सफर्डला शिकून परतले होते. ते सेवाग्रामला गांधीजींकडे गेले, घटनेच्या मसुद्यावर गांधीजींनी स्वतः मेहनत घेतली आणि जानेवारी 1939 मध्ये ती अमलात आली. कारभार गावपंचायतींच्या पायावर उभा राहिला. या सगळ्याच्या मागे आणखी एक माणूस होता, मॉरिस फ्रिडमन. वॉर्साचा पोलिश ज्यू, बंगळूरच्या विजेच्या सामानाच्या कारखान्यात इंजिनियर. त्याने भगवी वस्त्रे घेतली आणि भारतानंद झाला. चरखा परवडत नाही त्याच्यासाठी त्याने धनुष्यतकली बनवली. पुढे मुंबईत निसर्गदत्त महाराजांची मराठी निरूपणे इंग्रजीत आणून त्याने ती जगभर पोचवली.

कैद्यांना भिंतीआड कोंडण्याऐवजी मोकळ्या माळावर, बायकामुलांसह, शेती करत राहू द्यावे, ही कल्पना त्याची. राजाने ती मान्य केली आणि 1939 मध्ये स्वतंत्रपूर वसले.

“खून केलेल्या माणसाजवळ बायकापोरं ठेवायची?” आत्याला ते पटेना.

पण सारा भरवसा नेमका तिथेच होता. पोरे शाळेत जाताहेत, पेरलेले उगवले आहे, पहाटे चुलीवर भाकरी भाजली जाते आहे, असा माणूस पळून कुठे जाईल? शिक्षा तर होतीच, पण तिच्या आत घर होते. मॉरिसचा देव वेगळा, राजाची यमाई वेगळी, गांधीजींचा राम वेगळा. या एका माळावर तिघांची श्रद्धा एकाच प्रश्नाला भिडली होती. वाईट वागलेल्या माणसाला आपण पुन्हा आपल्यात घेणार का?

व्ही. शांताराम यांच्या 1957 च्या ‘दो आँखें बारह हाथ’ला या प्रयोगातून प्रेरणा मिळाली आणि त्याची कथा लिहिली ती शेटफळ्याच्या माडगूळकरांनीच. सहा खुनी आणि एक जेलर. बर्लिनच्या महोत्सवात चित्रपटाला रौप्य अस्वल मिळाले. पडद्यावरचे सहा जण साऱ्या देशाने पाहिले, पण ज्या वसाहतीवरून ते सुचले ती आटपाडीबाहेर फार थोड्यांना ठाऊक आहे. वसाहत आजही तुरुंग खात्याकडे आहे आणि कैदी कुटुंबासह राहतात. आत जाण्याची परवानगी मागितलेली नव्हती, त्यामुळे दोघींनी रस्त्यावरूनच पाहिले. आत्याने गाडीची काच खाली केली. “पाणी कुठून आणत असतील गं?” एवढेच तिने विचारले. दुष्काळी मुलखातल्या बाईला पहिला प्रश्न हाच पडतो.

शुक्रवार

आटपाडीहून पुन्हा विट्याला आणि तिथून पलूसकडे, किर्लोस्करवाडीला. माळ संपला, पुन्हा ऊस.

बेळगावात लक्ष्मणराव किर्लोस्करांचा छोटा कारखाना होता. सायकलींपासून सुरुवात करून ते लोखंडी नांगरापर्यंत पोचले होते. नवी वस्ती वसवण्यासाठी नगरपालिकेने जागा रिकामी करायला सांगितली. बाळासाहेबांना हे कळले. त्यांनी आपल्या संस्थानात हवी ती जागा निवडायला सांगितले आणि दहा हजार रुपये कर्जाऊ दिले. लक्ष्मणरावांनी निवडली ती कुंडल रोड स्टेशनजवळची 32 एकर पडीक जमीन. निवडुंगाची दाटी, सापांचा सुळसुळाट, पाण्याची ओरड. 10 मार्च 1910 ला तिथे मुक्काम पडला. मोजके कामगार आणि त्यांची कुटुंबे. थोरले बंधू रामूअण्णा वसाहतीची व्यवस्था पाहू लागले, शंभूराव जांभेकर यंत्रांकडे, मंगेशराव रेगे हिशेबाकडे. आधी लोकांच्या डोक्यावर छप्पर, मग भट्टी.

शिक्षा भोगून आलेल्या माणसांना लक्ष्मणरावांनी पहाऱ्यावर नेमले. ज्यांच्यावर गाव कुलूपसुद्धा सोडायला तयार नव्हते त्यांच्या हाती रात्रीचा कारखाना दिला. स्वतंत्रपुराच्या कितीतरी आधीची ही गोष्ट. वसाहतीत अस्पृश्यता पाळायची नाही, हा त्यांचा कडक नियम होता. देवीपुढे कीर्तन करणारा राजा आणि रूढींना न जुमानणारा कारखानदार, दोघांचे आयुष्यभर जमले. 1920 मध्ये शंकरराव किर्लोस्करांनी इथूनच ‘किर्लोस्कर खबर’ काढले, मग ‘स्त्री’ आणि ‘मनोहर’ आले. आत्याच्या लग्नात तिच्या आईने रुखवतात मांडून दिलेल्या वस्तूंत ‘स्त्री’चे बांधीव अंक होते. ते तिने सासरी जाऊन शेजारणींना वाचायला दिले आणि एकही परत आला नाही, हे ती मोठ्या समाधानाने सांगते.

संध्याकाळी ज्यांच्याकडे उतरायचे ठरले होते त्या घरी दार उघडताच मुलीने विचारले, “आजी, जेवायला काय करू?” आत्या म्हणाली, “विचारू नकोस. वाढ.” मुलगी गोंधळली. मग पाटावर बसून आत्याने तिला बुधवारच्या घरची सगळी हकीकत सांगितली आणि तोवर भाताला उकळी आली.

उद्या कुंडल. क्रांतिसिंह नाना पाटलांच्या प्रतिसरकारातले भूमिगत इंग्रजी हद्दीतून निसटून औंध संस्थानच्या गावांत शिरत, तेव्हा त्यांना भाकरी कोणी दिली, कोणत्या घरांनी दार लावून घेतले नाही, त्याविषयी पुढील अंकात.

(क्रमशः)