खंडोबाचा वार

रविवारी उशिरा जाग येते, ऊन अंथरुणापर्यंत आलेलं असतं, आणि मला महालक्ष्मीचं रेसकोर्स आठवतं. २४ एप्रिल १८९० ला तिथे सुमारे दहा हजार गिरणी कामगार जमले होते. बहुतेक कोकणातून, घाटावरून पोटासाठी मुंबईत आलेले. त्या सभेत दोन कामगार बायाही उभ्या राहून बोलल्या. एवढ्या पुरुषांसमोर, त्या काळात! मागणं होतं आठवड्यातल्या एका दिवसाचं.

तेव्हा गिरण्या उजाडल्यापासून दिवस मावळेपर्यंत चालत. हक्काची सुट्टी नव्हती. जोतीराव फुल्यांचे सहकारी आणि ‘दीनबंधु’चे संपादक नारायण मेघाजी लोखंडे १८८४ पासून मागत होते: दुपारी अर्धा तास विसावा, वेळेवर पगार आणि रविवार. अखेर १० जून १८९० ला गिरणीमालकांच्या संघटनेने रविवार मान्य केला.

रविवारच का? तर तो खंडोबाचा वार. मला या मागणीतलं हेच फार मोलाचं वाटतं. विश्रांतीची बाजू मांडताना आज आपण पटकन म्हणतो, ताज्या मनाने काम जास्त होतं. म्हणजे सुट्टीही कामाच्याच खाती जमा. खंडोबाच्या वारातून गिरणीला काहीएक मिळायचं नव्हतं. देवापुढे तळी उचलावी, कपाळी भंडारा लावावा, लेकराला मांडीवर घेऊन नुसतं बसावं. तो वेळ कशाच्या उपयोगी पडायला बांधलेलाच नव्हता.

पुढे गिरणगावात पाळी सुटल्याचा भोंगा लालबाग-परळच्या चाळींत ऐकू जायचा. कामगाराच्या घरी, मुकादमाच्याही. काम थांबलं हे सगळ्यांना एकदम कळे. थांबण्यासाठी कुणाला विनवावं लागत नसे. गिरणीतलं जिणं सोपं होतं असं मी म्हणणार नाही. पण तो आवाज सगळ्यांचा होता.

आता रात्री साडेनऊला ऑफिसच्या ग्रुपवर येतं, ‘जरा बघता का?’ घास हातातच राहतो. मुलीने दोनदा मारलेली हाक ऐकू येत नाही, आणि जेवणारा माणूस पाटावरून न उठता हिंजवडीच्या ऑफिसात पोचलेला असतो. ‘मनावर घ्या, फोन बंद ठेवा’ हा सल्ला मला अपुरा वाटतो. जो एकटा फोन बंद ठेवतो, तो एकटाच डोळ्यांवर येतो. रेसकोर्सवर एकच माणूस गेला असता तर दुसऱ्या दिवशी त्याची नोकरी गेली असती.

फ्रान्समध्ये कामाच्या वेळेनंतर संपर्काबाहेर राहण्याचा हक्क २०१७ पासून कायद्यात आहे. आपल्याकडे खासदार सुप्रिया सुळे यांनी २०१८ मध्ये लोकसभेत असंच खासगी विधेयक मांडलं. खंडोबाची जेजुरी त्यांच्याच मतदारसंघात येते, याचा मला उगाच आनंद होतो. त्या विधेयकाचा कायदा मात्र झाला नाही.

आमच्या ऑफिसात नवीन लागलेली एक मुलगी रात्री ‘उद्या सकाळी बघते’ असं लिहिते आणि पुढे ‘सॉरी’ जोडते. ते ‘सॉरी’ मला सलतं. तिच्या आधी आम्ही जुन्यांनी तसं लिहायला हवं, एकाने नाही, सगळ्यांनी, आणि सॉरीशिवाय. या आठवड्याच्या बैठकीत मी हाच विषय पहिला मांडणार आहे.