वात आपल्याच कापसाची



या आठवड्याची शेताची नोंद थोडकीच आहे. तीन दिवस झड लागून आहे, वाफसा नाही, फवारणी थांबली. म्हणून घरात जे झालं ते लिहितो. शेताशी त्याचा संबंध आहे, पुढं वाचाल तर कळेल.

पोळ्याला मुलगा पुण्याहून घरी आला. दुसऱ्या दिवशी सकाळी ओसरीत बसून तो एक बारीक तार स्क्रू ड्रायव्हरच्या दांडीवर गुंडाळत होता. बाजूला माझं मल्टीमीटर, कात्री, नेलकटर. मोटर जळाली की मी वायंडिंगच्या दुकानात तास-तास बसतो, त्यामुळं तारेचं काम दिसलं की मले राहवत नाही. चहा घेऊन जवळ जाऊन बसलो.

त्याच्यापुढं एका वाटीत पाणी होतं आणि त्यात आपल्या घरच्या कापसाचा बोळा तरंगत होता. मले म्हणाला, "बाबा, आपला कापूस पाणी काहून पीत नाही? दुकानातला तर लगेच बुडते."

खरं सांगतो, मले लय बरं वाटलं. पाच-सहा वर्षांत पोरानं पहिल्यांदा कापसाबद्दल काही विचारलं होतं. मी त्याले सगळं सांगितलं. बोंडातून निघालेल्या धाग्यावर मेणाचा पातळ थर असतो, म्हणून पाणी वरच राहतं. तो थर असतो म्हणून फुटलेलं बोंड एखाद्या सरीनं लगेच चिंब होत नाही. दवाखान्याचा कापूस सोड्यात उकळून, मेण काढून, धुऊन पांढरा केलेला असतो, म्हणून तो शोषतो. घरी पाहायचं असेल तर सरकी काढून धुण्याच्या सोड्यात चांगला उकळा, दोन-तीन पाण्यातून काढा, वाळवा आणि मग पाण्यात टाका. फरक दिसेल.

एवढं सांगून झाल्यावर मी विचारलं, "पण वात कशाची करून राहिला?"

तो थोडा वेळ बोलला नाही. मग बोटाएवढी जाड नळी दाखवली. वाफ ओढायचं यंत्र. त्यात टाकी नसते. वरच्या टोपणाखाली तारेची दोन वेटोळी, त्यातून ओवलेली कापसाची वात, आणि त्या वातीवर हातानं थेंब टाकायचे. बटण दाबलं की तार तापते, वातीतलं द्रव उडून वाफ होते, ती ओढायची. पाच-सहा झुरक्यांनंतर पुन्हा थेंब.

रागावण्याआधी मी ते पाहून घेतलं. वाईट वस्तूसुद्धा कशी चालते ते माहीत असावं, म्हणजे तिचं नेमकं काय वाईट ते सांगता येतं.

तार तांब्याची नव्हती. तांब्याले रोध फार कमी. ही लोखंड, क्रोमियम आणि ॲल्युमिनिअमच्या मिश्रणाची, शेगडीच्या कॉइलसारखी, पण बारीक. सहा वेढ्यांचं एक वेटोळं साधारण 0.8 ओहमचं. तशी दोन शेजारी-शेजारी जोडली की रोध अर्धा, म्हणजे 0.4. ठिबकवाल्यांना हे लगेच समजेल. एकाच मेनवर एका नळीऐवजी दोन नळ्या जोडल्या की पाण्याला वाट दुप्पट होते. तसंच विजेचं.

मग हिशोब केला. दहावीत शिकलेला ओहमचा नियम एवढाच उपयोगी पडतो, व्होल्टला ओहमनं भागा, अँपिअर येतात. पूर्ण भरलेला लिथियम सेल 4.2 व्होल्टचा. 0.4 ओहमवर साडेदहा अँपिअर. त्याले धूर जास्त पाहिजे होता म्हणून तो 0.2 ओहमपर्यंत उतरणार होता. म्हणजे 21 अँपिअर. आपली पाच एचपीची थ्री फेज मोटर भर लोडवर साडेसात-आठ अँपिअर ओढते. तिथं व्होल्ट जास्त म्हणून ताकद जास्त, हे खरं. पण सेल आतून तापतो तो अँपिअरनं.

"सेल कोणता टाकला?" मी विचारलं.

सेल माझ्या टॉर्चमधला होता. जागलीले रानडुकरं हाकलायला मी जो टॉर्च नेतो, त्यातला. टॉर्चले एक-दोन अँपिअर पुरतात. त्या सेलवर किती अँपिअर झेपतात ते लिहिलेलं नव्हतं, आणि वरचं प्लास्टिक एका बाजूनं फाटलेलं होतं.

दुसरी चूक मल्टीमीटरची. त्यानं वेटोळं मोजलं तर आकडा 0.6 आला होता. मी त्याले दोन्ही पिना एकमेकींना टेकवायला लावल्या. काहीच न जोडता 0.2 दाखवत होतं. तो रोध वायरींचा. तो वजा केल्याशिवाय एवढं लहान माप खरं धरायचं नाही. मोटरचं वायंडिंग मोजताना तुम्हीही हे करत जा.

मोटरले फ्यूज असतो, स्टार्टरमध्ये ओव्हरलोड रिले असतो, लोड वाढला की ट्रिप होते. या नळीत त्यातलं काहीच नव्हतं. सेल, बटण आणि कॉइल, बस. कॉइलचा पाय टोपणाले टेकला की सरळ शॉर्ट. सेल आतून तापून फुटतो, पेटतो. आणि हे यंत्र तोंडापाशी धरायचं.

वातीचं तसंच. घट्ट भरली तर द्रव पुढं सरकत नाही, सैल भरली तर गळते. माझी आई समईची वात वळताना हेच सांगायची. फरक एवढा की समईची वात कोरडी पडली तर विझते. ही विझत नाही, तार तापतच राहते. कापूस करपतो, द्रवातलं ग्लिसरीन फुटतं आणि फॉर्मल्डिहाइडसारखे वायू निघतात. ज्यांनी फॉर्मलिनची बाटली एकदा उघडली असेल त्यांना तो वास माहीत आहे.

शेवटी बाटली पाहिली. 60 मिलीची, आंब्याचा वास. लेबलावर दर मिलीले 3 मिलिग्रॅम निकोटीन. म्हणजे पूर्ण बाटलीत 180 मिलिग्रॅम.

इथं शेतीचा संबंध येतो. निकोटीन आपल्याला नवीन नाही. माव्यावर तंबाखूचा काढा मारायचे ते याच्याच जोरावर. इमिडाक्लोप्रिड, थायामेथोक्झाम, ॲसिटामिप्रिड या औषधांच्या गटाचं नावच निओनिकोटिनॉइड आहे. किडीच्या मज्जातंतूत निकोटीन जिथं जाऊन बसतं तिथंच ही बसतात. किडीसाठी ती जास्त घातक आणि माणसाले निकोटीनपेक्षा कमी, म्हणून ती शोधली गेली. शुद्ध निकोटीन माणसाले त्याहून जहर. ते कातडीतूनही आत जातं. ओली तंबाखू तोडणाऱ्या मजुरांना चक्कर आणि उलट्या होतात त्या यामुळंच.

2017 च्या हंगामात आपल्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं वीसच्या वर माणसं गेली. तेव्हापासून आमच्या घरी औषधाच्या पेटीले कुलूप आहे, चावी माझ्या करदोड्याले. आणि ही आंब्याच्या वासाची बाटली खिडकीत ठेवलेली. त्याच दिवशी तान्हा पोळा होता. माझी चार वर्षांची नात लाकडी नंदी घेऊन त्याच ओसरीत फिरत होती. खिडकीची उंची तिच्या हाताएवढीच.

मी आवाज चढवला. या यंत्राच्या विक्रीवर, आयातीवर, साठ्यावर 2019 पासून देशभर बंदी आहे, विक्री-आयातीच्या पहिल्या गुन्ह्याले एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही, हेही सांगितलं. त्यानं मान खाली घालून ऐकलं. मग म्हणाला, "बाबा, तुमच्या खिशात काय हाय?"

खिशात खर्रा होता. पन्नीत घोटलेला, सकाळचा दुसरा. तीस वर्षं झाली. निकोटीन तेच, वाट वेगळी. त्याची तारेतून, माझी चुन्यातून. माझ्याजवळ उत्तर नव्हतं.

बराच वेळ दोघंही बोललो नाही. मग मी पेटी उघडली. त्यानं बाटली आत ठेवली, मी खर्रा ठेवला, कुलूप लावलं. फाटका सेल दोन्ही टोकांना चिकटपट्टी लावून वेगळा ठेवला, जुन्या बॅटऱ्या घेणाऱ्याकडं देईन. चुलीत किंवा उकिरड्यावर टाकायचा नाही.

वाचणाऱ्यांना तीन गोष्टी सांगतो. टॉर्चचे सेल किल्ल्या आणि चिल्लर असलेल्या खिशात ठेवू नका, प्लास्टिक फाटलं की वापर बंद. घरात कोणाकडं अशी बाटली असेल तर ती औषधच समजा आणि कुलपात ठेवा. लेकराच्या पोटात गेली तर मिठाचं पाणी पाजून उलटी काढत बसू नका, बाटली हातात घेऊन सरळ दवाखाना गाठा.

पोरगं परवा पुण्याले गेलं. बाटली पेटीतच आहे. ती नळी त्यानं नेली की नाही ते मी पाहिलं नाही. बॅग तपासायची इच्छा झाली होती, पण नाही तपासली.

काल रात्री त्याचा फोन आला. पाऊस विचारला, पऱ्हाटी विचारली, मग म्हणाला, "आणि खर्रा?"

खोटं बोलणार होतो. पण सांगितलं, "दोन दिवस नाही खाल्ला. आज पानठेल्यावर एक खाल्ला."

तिकडून थोडा वेळ आवाज नव्हता. मग म्हणाला, "माझंही तसंच झालं, बाबा."

ठीक आहे म्हटलं. उद्यापासून पुन्हा मोजू.

शेताची नोंद: आज दुपारी उघाड पडली. पानाखाली तुडतुडे दिसतात, पण मित्रकिडाही आहे. दोन दिवस थांबून पुन्हा मोजणी करीन, मगच फवारणीचं ठरवीन. तुमच्याकडं काय परिस्थिती ते लिहा.