पळस्पे फाट्यावरचा गाळा

मुंब्र्याहून खेडला जाताना शिळफाटा मागे पडला की पनवेल येते आणि पनवेलच्या बाहेर पळस्पे फाटा. कोकणातल्या माणसाला हा फाटा नवा नाही. इथे पुण्याचा जुना महामार्ग सरळ जातो, जेएनपीटी बंदराचा रस्ता येऊन मिळतो आणि आपला गोव्याचा रस्ता उजवीकडे वळतो. 2010 साली महामार्गांचे क्रमांक बदलले, 17 चा 66 झाला, पण आमच्या घरात तो अजून 'सतरा नंबर'च आहे.

ईदनंतरच्या आठवड्यात आम्ही गावी निघालो होतो. गाडीत अम्मी, माझी पत्नी, मुले आणि दोहाहून सुट्टीवर आलेला भाचा. फाटा जवळ येताच तो म्हणाला, "मामू, अर्धा तास थांबाल का? एक गाळा बघायचा आहे. आवडला तर टोकन देऊन टाकतो."

अकरा वर्षांची परदेशातली कमाई. सोबत घराचा हप्ता आणि धाकट्या बहिणीचे लग्न. अर्ध्या तासाचा प्रश्न नव्हता. आम्ही थांबलो.

इमारत अजून अर्धी उभी होती, पण खालच्या मजल्यावर काचा लागल्या होत्या. वर उपाहारगृहे, खाली कपड्यांची व मोबाइलची दुकाने, मागे पार्किंग. विक्री करणाऱ्या मुलाने भिंतीवरचा नकाशा दाखवला. 12 जानेवारी 2024 ला खुला झालेला 21.8 किलोमीटरचा अटल सेतू. 25 डिसेंबर 2025 पासून विमाने उडू लागलेला नवी मुंबईचा विमानतळ. 2002 मध्ये पूर्ण झालेला पुणे द्रुतगती मार्ग. 2016 मध्ये महानगरपालिका झालेले पनवेल. "सगळे रस्ते इथेच येतात साहेब," तो म्हणाला. त्यात खोटे काही नव्हते.

रस्त्यांनी बाजार उभा राहतो, हे पनवेलला नव्याने शिकायची गरज नाही. पूर्वी मुंबईहून माणसे आणि माल गलबतांनी पनवेलच्या बंदरात उतरत आणि तिथून बैलगाड्या घाटाकडे निघत. 1830 मध्ये बोरघाटाचा रस्ता गाड्यांसाठी खुला झाला, तेव्हा पनवेलची भरभराट झाली. गाडीची चाके बनवण्यासाठी हे गाव ओळखले जाई. मग 1863 मध्ये रेल्वे घाट चढून गेली. ती पनवेलहून गेली नाही, कर्जतहून गेली. माल रेल्वेने जाऊ लागला आणि बंदराचा धंदा ओसरला. बंदर जागेवरच होते, गिऱ्हाईक मात्र दुसऱ्या वाटेने गेले.

मी हे भाच्याला सांगितले, तर तो हसला. "मामू, ती दीडशे वर्षांपूर्वीची गोष्ट."

जुहरची वेळ होऊन गेली होती. आम्ही शाफई, प्रवासात जुहर आणि अस्र एकत्र करून कसर पढण्याची मुभा आहे. दोन-दोन रकातींचा प्रश्न, दहा मिनिटांचे काम. पण त्या संकुलात जागा कुठे? हात पुढे केला की आपोआप पाणी सोडणारे नळ होते, पण वुजूसाठी पाय धुवायची सोय नव्हती. पहारेकऱ्याने अदबीने पार्किंगचा कोपरा दाखवला. तिथे गाड्या मागे-पुढे होत होत्या. अम्मी म्हणाल्या, "चला, पुढे बघू."

पुढे कर्नाळ्याचे जंगल ओलांडून पेणच्या दिशेने गेलो. रस्त्याकडेला पांढऱ्या कांद्याच्या माळा टांगलेल्या होत्या, ताडगोळे मांडलेले होते. एका म्हाताऱ्या बाईकडे थांबलो. ताडपत्रीचे छप्पर, दोन टोपल्या, पाण्याचा हंडा. अम्मींनी विचारले, "बाय, मागे जरा नमाज पढू का?" तिने टोपली सरकवली, हंड्यातले पाणी तांब्यात ओतून दिले आणि म्हणाली, "पढा की. मी हाय इथं, गाडीकडं बघते." माझी पत्नी आणि अम्मी ताडपत्रीच्या आडोशाला उभ्या राहिल्या, आम्ही झाडाखाली.

निघताना दोन माळा घेतल्या. भाव करायचा कुणाला धीर झाला नाही. ती म्हणाली, रुंदीकरणात तिला दोनदा जागा बदलावी लागली, आता कडेला कठडा बसला की गाड्या थांबणार नाहीत.

तिचे म्हणणे बरोबर होते. द्रुतगती मार्गावर तर कुणालाही कुठेही दुकान मांडता येत नाही. आत-बाहेर जायच्या वाटा ठरलेल्या, थांबायच्या जागा ठरलेल्या आणि त्या जागा मोठ्या भांडवलाच्या हाती. वेगाच्या रस्त्यावर सुरक्षिततेसाठी ते आवश्यकही आहे. राष्ट्रीय महामार्गाच्या जमिनीवर विनापरवाना बसण्यास 2002 च्या कायद्याने मनाई आहे. 2014 चा पथविक्रेता कायदा विक्रेत्यांना संरक्षण देतो, नगर विक्रेता समितीत त्यांना किमान 40 टक्के जागा देतो, पण त्याचा आधार शहरांपुरता. दोन शहरांच्या मधल्या रस्त्यावर बसलेली बाई दोन्ही कायद्यांच्या फटीत सापडते.

याच रायगड जिल्ह्यात जमिनीच्या मोबदल्यासाठी माणसांनी जीव दिला आहे. जानेवारी 1984 मध्ये जासईच्या आंदोलनात दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली शेतकरी उभे राहिले, गोळीबारात पाच जण गेले. त्यातूनच साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याचा मार्ग निघाला. शहर उभे राहताना मूळ माणसाचा वाटा त्यात असावा, ही मागणी इथल्या मातीतली आहे. ज्याच्या नावावर जमीन होती त्याला निदान भूखंड मिळाला. जिची जमीनच नव्हती, ती टोपली घेऊन पुढच्या वळणावर गेली.

मला शेरशाह सूरीची आठवण झाली. त्याने राज्य केले जेमतेम पाच वर्षे, 1540 ते 1545. पण रस्त्यावर साधारण दोन-दोन कोसांवर सराया बांधल्या. विहीर, मशीद, आणि हिंदू व मुसलमान प्रवाशांसाठी अन्नपाण्याची वेगळी सोय. व्यापार तिथेही चालत असे. पण सराईत प्रवासी आधी थकलेला माणूस होता, मग गिऱ्हाईक. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी रस्त्याचा हक्क अदा करायला शिकवले आहे आणि वाटेतली त्रासदायक वस्तू बाजूला करणे हा ईमानचाच भाग सांगितला आहे. त्या बाईने ही शिकवण कधी ऐकली नसेल. पाळली मात्र तिने.

पोलादपूर ओलांडल्यावर मी बोगदा टाळून गाडी जुन्या कशेडी घाटात घातली. 2023 च्या गणेशोत्सवात बोगदा प्रथम हलक्या वाहनांसाठी उघडला आणि घाटातली रहदारी तिकडे वळली. ज्या टपरीवर अब्बा हयात असताना आम्ही हटकून चहा घ्यायचो, तिचे फळकूट लावलेले होते. बाकाचे दोन पाय तेवढे उरले होते. भाचा खाली उतरला, वळणावरून खाली बघत उभा राहिला. बराच वेळ एकही गाडी आली नाही.

गाडीत बसल्यावर तो म्हणाला, "मामू, ही दीडशे वर्षांपूर्वीची गोष्ट नाही."

गाळा घेऊ नकोस, असे मी त्याला सांगितलेले नाही. हलाल कमाई हलाल व्यापारात लावणे चांगलेच आहे. पण टोकन देण्याआधी काय पाहायचे, ते आम्ही घरी बसून लिहून काढले. प्रकल्प महारेरात नोंदलेला आहे का? सातबारा, बिगरशेती परवानगी आणि मालकी वकिलाने तपासली का? महामार्गावरून आत यायच्या वाटेला परवानगी आहे का, की उद्या दुभाजक बसला की दोन किलोमीटर फिरून यावे लागेल? वर उड्डाणपूल आला तर गिऱ्हाईक डोक्यावरून जाईल का? बँकेचे व्याज न घेता जमेल का? आणि भाडेकरू मिळाला नाही तर दोन वर्षे घर चालेल का?

शेवटचा मुद्दा अम्मींनी घातला. "घेतलास तर त्या मालकांना सांग, बायकांना पाय धुवायला एक नळ आणि चार जणींना उभे राहायला एक खोली ठेवा. हिंदू बाईलाही लेकराला पाजायला ती कामाला येईल. आणि दाराशी त्या कांदेवालीला बसायला जागा."

भाच्याने ते वाक्य तसेच लिहून घेतले. परतीच्या वाटेवर त्याने विक्री करणाऱ्या मुलाला कागदपत्रे मागितली. ती अजून आलेली नाहीत, आणि टोकनही दिलेले नाही. पांढऱ्या कांद्याची एक माळ मात्र आमच्या स्वयंपाकघरात टांगली आहे.