रोगावर भरवसा, बिळाकडे पाठ

संपादकांनी लेख मागताना दोन अटी घातल्या. फार तांत्रिक नको, आणि दिवाळीचा अंक आहे तेव्हा फार रक्तपात नको. पहिली अट माझ्याच्याने पाळली जाणार नाही हे आताच सांगून ठेवते. दुसरीचं बघू.

शेतांवरचे आणि खेळाच्या मैदानांवरचे रानससे आटोक्यात ठेवणं हा माझा व्यवसाय. राहुरीला शेतकी शिकले तेव्हा उंदीर आणि किडी एवढेच शत्रू माहीत होते. ऑस्ट्रेलियात, व्हिक्टोरिया राज्यात आल्यावर काम मिळालं ते सशांचं, आणि पुढे तेच अंगवळणी पडलं. नाशिकची मावशी अजून फोनवर विचारते, "अगं, सशांना मारतेस? हात कसा धजतो तुझा?" उंदरांसाठी विषाच्या वड्या ठेवताना तिचा हात कधी थरथरल्याचं मला आठवत नाही. पण ससा पडला चांदोबावरचा, गोष्टीतला, भित्रा. एकाला लांब कान आणि दुसऱ्याला लांब शेपूट, एवढ्यावर न्याय होतो.

मावशीने माळावर पाहिलेला ससा वेगळा प्राणी आहे. तो बीळ खणत नाही. गवतात खळगा करून एकटा बसतो, आणि त्याची पिल्लं अंगावर केस घेऊन, उघड्या डोळ्यांनी जन्मतात. भारतात 1972च्या वन्यजीव कायद्याने त्याला संरक्षण आहे, ते असायलाच हवं. मी ज्याच्या मागे असते तो युरोपातला. तो जमिनीखाली कुटुंबकबिल्यासह राहतो. पिल्लं आंधळी, उघडीवाघडी. गाभणकाळ महिन्याभराचा, व्यायल्यावर मादी लगेच पुन्हा गाभण राहू शकते, आणि तीन-चार महिन्यांत पिल्लू स्वतः वयात येतं. हिशेब वाचकांनी करावा.

हे ससे इथे आले शिकारीच्या हौसेपायी. आमच्या घरापासून तासाभराच्या अंतरावर विंचल्सी नावाचं गाव आहे. तिथल्या बार्वन पार्क या इस्टेटीवर थॉमस ऑस्टिन नावाच्या जमीनदाराने 1859च्या नाताळात इंग्लंडहून आलेले 24 ससे उतरवून घेतले. ससे त्याआधीही आले होते, 1788च्या इंग्रजांच्या पहिल्या ताफ्यातसुद्धा होते, पण ते पसरले नाहीत. खंडभराच्या उच्छादाचं मूळ ऑस्टिनचेच ससे, हे 2022 साली जनुकीय अभ्यासातून पुढे आलं. त्यानंतर काय नाही केलं! 1887मध्ये न्यू साउथ वेल्स सरकारने उपाय सुचवणाऱ्याला 25,000 पौंडांचं बक्षीस जाहीर केलं. खुद्द लुई पाश्चरने कोंबड्यांच्या कॉलऱ्याचे जंतू घेऊन आपल्या भाच्याला सिडनीला धाडलं. बक्षीस कुणालाच मिळालं नाही. पश्चिमेकडे 1901 ते 1907मध्ये तीन हजार किलोमीटरहून लांब कुंपणं घातली, आणि बांधकाम पुरं व्हायच्या आतच ससे पलीकडे पोचले होते.

आता गेल्या हंगामातलं एक काम, जे डोक्यातून जात नाही. मेलबर्नच्या पश्चिमेला, काळ्या दगडाच्या सपाट मुलखात एक क्रिकेटचं मैदान आहे. आपली बरीच पोरं तिथे खेळतात. शनिवारी सीमारेषेपाशी उभं राहिलं तर "अरे, पळ की!" हे निव्वळ सातारी आवाजात ऐकू येतं. क्लबची तक्रार अशी, की ससे मैदान खातात. गवत खातात ते एक वेळ परवडलं. ससा पंज्यांनी उथळ, अर्धगोल खड्डे उकरतो, आणि त्याला मऊ माती लागते. क्युरेटरने गोलंदाजांच्या पावलांच्या खुणा बुजवून नवी माती दाबली, की रात्री ससे नेमके तिथे. दुसऱ्या दिवशी क्षेत्ररक्षकाचा घोटा त्यात मुरगळतो. शिवाय नर आपली हद्द दाखवायला ठरावीक जागी लेंड्यांचा ढीग घालतात आणि मुताने गवत जळून पिवळे चट्टे पडतात.

मी आधी मैदानाकडे बघतच नाही, कडेने फिरते. चालू बिळाचं तोंड गुळगुळीत असतं, बाहेर ताजी सैल माती असते. सोडून दिलेल्या बिळाच्या तोंडाशी कोळ्याचं जाळं नाहीतर पाचोळा. ताजी लेंडी गडद आणि ओलसर, जुनी करडी, चुरगाळली की भुसा. या मैदानावर एकही बीळ नव्हतं. काही ससे सामानाच्या लोखंडी कंटेनरखाली होते, उरलेले सगळे शेजारच्या रेल्वेच्या मातीच्या भरावात आणि पलीकडच्या शेतातल्या काटेरी बॉक्सथॉर्नच्या जाळीत. मैदान ही त्यांची खानावळ होती.

मग आमचं नेहमीचं काम. वस्तीजवळ टेन-एटी हे जालीम विष वापरत नाहीत, कारण त्याला उतारा नाही. इथे पिंडोन वापरतात. त्याने रक्त गोठेनासं होतं, पण चुकून कुत्र्याने खाल्लं तर व्हिटॅमिन के देऊन वाचवता येतं. जमिनीत एक उथळ चर ओढायचा, कारण उकरलेल्या मातीकडे ससा कुतूहलाने येतोच. त्यात आधी नुसते ओट्स टाकायचे, दोन-तीनदा, काही दिवसांच्या अंतराने. ससे निर्धास्त खायला लागले की मग विषाचे ओट्स. मेलेले ससे रोज उचलायचे, नाहीतर घारी आणि कुत्रे ते खातात. (रक्तपाताची अट इथे संपते.) हे सगळं करायचं इथल्या उन्हाळ्याच्या शेवटी, फेब्रुवारी ते एप्रिल. तेव्हा गवत वाळलेलं असतं, वीण थांबलेली असते, आणि भुकेला ससा ओट्सना नाही म्हणत नाही.

क्लबच्या सेक्रेटरीने मात्र मला फोन केला होता ऑक्टोबरात, पिल्लं बागडायला लागली तेव्हा. आणि विचारलं तेच, जे सगळे विचारतात: "विष वगैरे कशाला? तो व्हायरस सोडा ना."

या एका वाक्यावर मी तासभर बोलू शकते, आणि घरचे सांगतील की बोलते. 1950मध्ये मरे नदीच्या खोऱ्यात मिक्सोमा विषाणू सोडला. डासांनी तो पसरवला आणि लागण झालेल्या शंभरातले नव्याण्णव ससे मेले. त्याच सुमारास माणसांत मेंदूज्वराची साथ आली, लोक घाबरले, तेव्हा फ्रँक फेनर, मॅकफार्लेन बर्नेट आणि इयन क्लूनीज रॉस या तीन शास्त्रज्ञांनी तो विषाणू स्वतःला टोचून घेतला. त्यांना काही झालं नाही. ही गोष्ट सगळ्यांना पाठ असते. पुढची नसते. ससा झटपट मेला तर डासाला त्याच्यावरून विषाणू उचलायला वेळच मिळत नाही, म्हणून काही वर्षांत सौम्य वाणच वरचढ ठरले. जे ससे वाचले त्यांची पिल्लंही चिवट निघाली. 1995मध्ये कॅलिसी नावाचा दुसरा विषाणू वॉर्डांग बेटावर चाचणी चालू असतानाच निसटला आणि मुख्य भूमीवर पसरला. पुन्हा तेच: आधी जल्लोष, मग हळूहळू ससे परत. 2017मध्ये त्याचाच कोरियातून आणलेला के-फाइव्ह हा वाण सोडला. कारण थंड, ओलसर भागातल्या सशांत एक निरुपद्रवी कॅलिसी आधीपासून होता आणि तो त्यांना थोडंफार संरक्षण द्यायचा. बघा, पहिली अट मोडली.

मुद्दा ऑक्टोबराचा आहे. चार-पाच आठवड्यांच्या आतल्या पिल्लाला हा कॅलिसी झाला तर ते सहसा मरत नाही. उलट त्याला जन्माची प्रतिकारशक्ती येते. म्हणजे पिल्लांच्या हंगामात विषाणू सोडायचा, तर पुढच्या पिढीला क्लबच्या खर्चाने लस टोचल्यासारखंच. 2015पासून इथे आणखी एक वाण फिरतो आहे, तो कुणी सोडला नाही, आपसूक आला, आणि तो पिल्लांनाही मारतो. त्यामुळे गणित आणखी बिघडलंय. सेक्रेटरीने हे सगळं शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "पण सोडता येईल ना?"

विषाणू लोकांना आवडतो, कारण त्यात कुणालाच काही करावं लागत नाही. रोग हा पाहुणा आहे, येईल आणि जाईल. ससा टिकतो तो वॉरनमुळे, म्हणजे जमिनीखालच्या त्या बिळांच्या जाळ्यामुळे. नवं वॉरन तो सहसा खणत नाही, जुनंच उघडतो. म्हणून विषानंतर, माती कोरडी असताना, ट्रॅक्टरला किंवा डोझरला लांब दाते लावून वॉरन फोडावं लागतं. जवळजवळ 90 सेंटीमीटर खोल, अर्ध्या अर्ध्या मीटरवर ओळी, आणि शेवटच्या तोंडाच्याही पुढे तीन-चार मीटर जायचं, कारण बोगदे बाहेर पसरलेले असतात. यात बातमी होण्यासारखं काही नाही. धूळ, डिझेल आणि दुखरी पाठ.

पाळीव सशांचं प्रकरण मला जास्त छळतं. कॅलिसीची लस इथे मिळते, मिक्सोची मिळत नाही. तिला परवानगीच नाही, कारण लशीतला जिवंत विषाणू रानात पसरला तर रानससेच सुरक्षित होतील, ही भीती. व्हेट लोक यावर चिडलेले असतात. मला ते कारण पटतं. ओळखीच्या एका मराठी घरातला ससा मिक्सोने गेला. डोळे सुजून बंद झाले होते, शेवटी त्याला झोपवावं लागलं. त्यांच्या मुलीने मला विचारलं, "लस का नाही दिली?" चहाचा कप हातात होता, आणि पटलेलं कारण तोंडातून बाहेर येईना. क्वीन्सलँड राज्यात हा प्रश्नच येत नाही, तिथे ससा पाळणंच गुन्हा आहे.

मैदानाचं पुढे काय झालं? विषानंतर मैदानावर ससे दिसेनासे झाले, क्लबने आभार मानले, आणि हिवाळा सरताच ते परत दिसू लागले. येणारच होते. इथल्या 1994च्या कायद्याप्रमाणे ज्याची जमीन त्याने ससे आवरायचे. मैदान काउन्सिलचं, भराव रेल्वेचा, बॉक्सथॉर्न एका म्हाताऱ्या शेतकऱ्याचा. भराव फोडला तर रूळ खचतील, म्हणून तिथे हाताने एकेका बिळात ॲल्युमिनियम फॉस्फाइडची गोळी टाकून तोंड मातीने लिंपायला हवं. आपल्याकडे धान्याच्या कोठारात वापरतात तीच गोळी. शेतकरी जाळी काढायला तयार आहे, त्याला फक्त ट्रॅक्टर हवा. काउन्सिल म्हणतं, आमच्या हद्दीत बीळ नाही, तेव्हा आम्ही कुंपण घालू. मी त्यांना लिहून दिलंय, की जाळीची भोकं 40 मिलिमीटरहून मोठी नकोत आणि खालची कड सशांच्या बाजूला वळवून मातीत गाडा. त्यांनी दरपत्रकं मागवली आहेत, शोभेच्या कुंपणाची.

फेब्रुवारीची तारीख तिघांनाही कळवली आहे. ट्रॅक्टरच्या डिझेलचे पैसे कोणी द्यायचे, यावर सध्या पत्रव्यवहार चालू आहे.