रंगशास्त्रज्ञाचे दफ्तर

हिलेअर हायलर या अमेरिकन भित्तिचित्रकाराचे नाव मी प्रथम वाचले ते हेन्री मिलरने १९४५ साली प्रसिद्ध केलेल्या अमेरिकेच्या प्रवासवर्णनात. त्यातील एक संपूर्ण प्रकरण मिलरने आपल्या या मित्राच्या भिंतींना वाहिलेले आहे. चित्रकला शिकविण्यात माझी हयात गेलेली असल्यामुळे एका लेखकाने चित्रकाराची केलेली एवढी मनःपूर्वक प्रशंसा वाचून स्वस्थ बसणे मला शक्य नव्हते. आणि पुढे मुलीकडे कॅलिफोर्नियात राहण्याचा योग आला तेव्हा आधी या गृहस्थाचे कागद पाहावेत आणि मग त्याच्या भिंती, असा क्रम मी मनाशी निश्चित केला.

अमेरिकेतील कलावंतांची खाजगी कागदपत्रे जतन करणारे एक अभिलेखागार १९५४ मध्ये डेट्रॉइट येथे स्थापन झाले आणि १९७० मध्ये ते स्मिथसोनियन संस्थेत विलीन झाले. चित्रकारांच्या घरी, त्यांच्या वारसांच्या ट्रंकांत विखुरलेली पत्रे, टिपणे आणि कात्रणे मिळवून ती मायक्रोफिल्मवर उतरवावीत, म्हणजे त्यांच्या प्रती दूरदूरच्या अभ्यासकांना पाहता येतील, असा त्या संस्थेचा आरंभीचा परिपाठ होता. हायलरचे दफ्तर याच संग्रहात आहे. ते मी मायक्रोफिल्मवर वाचावयास बसलो, आणि वाचता वाचता एका गोष्टीने मनात जे घर केले ते अद्याप हललेले नाही: ज्या माणसाने आपली सारी बुद्धी रंगाच्या सूक्ष्मातिसूक्ष्म भेदांवर वेचली, त्याचे कागद माझ्यासमोर काळे, पांढरे आणि करडे एवढ्याच तीन अवस्थांत सरकत होते. रंगाचे नाव अक्षरांत वाचता येत होते; तो रंग मात्र दिसत नव्हता.

ही उणीव लहान नाही, हे समजण्यासाठी हायलरचा मूळ आग्रह ध्यानात घ्यावयास हवा. १८९८ साली मिनेसोटातील सेंट पॉल येथे जन्मलेला हा मनुष्य ऐन तारुण्यात पॅरिसला गेला, माँपार्नासमधील ‘जॉकी’ नावाच्या नृत्यगृहाच्या भिंती त्याने रंगविल्या आणि तेथेच तो पियानोही वाजवी. पण त्या रंगेल वस्तीत राहूनही वेशभूषेचा इतिहास आणि चित्रणाचे तंत्र या विषयांवर त्याने विद्वत्तापूर्ण ग्रंथरचना केली. रंगविचारात त्याच्यासमोर विल्हेल्म ऑस्टवाल्ड या जर्मन रसायनज्ञाचे २४ रंगांचे वर्तुळ होते. ऑस्टवाल्डला १९०९ चे नोबेल पारितोषिक मिळालेले, आणि त्याच्या पद्धतीचा त्या काळी मोठा दबदबा. तथापि परस्परपूरक रंग समोरासमोर आणण्याच्या हव्यासात त्या वर्तुळातील पायऱ्या डोळ्याला समान अंतराच्या वाटत नाहीत, हिरव्यानिळ्याकडे त्यांची दाटी होते, हा त्यावरील आक्षेप प्रसिद्धच आहे. हायलरने आपले वर्तुळ ३० पायऱ्यांचे केले. १९४२ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात त्याने रंगसंगती आणि प्रत्यक्ष रंगद्रव्ये यांचा विचार एकत्र मांडला, आणि हीच गोष्ट मला सर्वांत मोलाची वाटते. कारण वर्तुळावरचा निळा आणि कुंचल्यावरचा निळा यांची सांगड ज्याला घालता येत नाही, त्याचे शास्त्र भिंतीपाशी आले की लटके पडते.

म्हणून त्या करड्या कागदांवरून उठून मी सॅन फ्रान्सिस्कोच्या उत्तर किनाऱ्यावरील अॅक्वॅटिक पार्कच्या इमारतीत गेलो. मंदीच्या काळात सरकारने बेकार कलावंतांना मजुरी देऊन सार्वजनिक कामांवर लावले, त्या योजनेतून १९३६ ते १९३९ या काळात हे स्नानगृह उभे राहिले. समुद्राकडे तोंड करून नांगरलेल्या आगबोटीच्या घाटाची ही शुभ्र वास्तू, आणि तिच्या कलाकामाचा सूत्रधार हायलर. प्रवेशदालनाच्या भिंतींवर त्याने अटलांटिस आणि मू या कल्पित बुडालेल्या भूखंडांचे सागरतळ रंगविले आहेत. परंतु मी अधिक वेळ उभा राहिलो तो शेजारच्या वर्तुळाकार दालनात. मूळचे हे स्त्रियांचे विश्रांतिगृह. तारांगणात आकाश समजावून देतात तसे येथे रंगांचे विश्व समजावून द्यावे, या हेतूने हायलरने त्याला ‘प्रिझमॅटेरियम’ म्हटले आणि त्याच्या छतावर आपले ३० रंगांचे वर्तुळ उलगडून ठेवले. मान वर करून एका पिवळ्या पट्ट्यावर दृष्टी स्थिर केली आणि मग शेजारी नेली, तेव्हा तो शेजारचा रंग क्षणभर निराळाच भासला. फ्रेंच रसायनज्ञ शेव्हरलने १८३९ मध्ये रंगांच्या परस्परपरिणामाविषयी जे ग्रंथबद्ध केले आणि जे मी फळ्यावर खडूने वर्षानुवर्षे सांगत आलो, ते तेथे माझ्या डोळ्यांना कोणाच्याही मध्यस्थीवाचून पटले. कागदात ज्याचा नुसता निर्देश होता त्याचा पुरावा छतावर होता, आणि छतावर जे दिसत होते त्यामागचा विचार कागदात. एकावाचून दुसरे अपुरेच.

इमारत खुली होते न होते तोच ती खाजगी मक्तेदारांच्या हाती गेली. लोकांसाठी, लोकांच्या पैशातून केलेले काम भोजनगृहाची शोभा ठरावे, हे हायलरला आणि त्याच्या सहकाऱ्यांना असह्य झाले. शिल्पकार सार्जंट जॉन्सन याने समुद्राकडच्या सज्जातील टाइल्सचे चित्र अर्धवट सोडून दिले, आणि ते आजही तसेच अपुरे आहे. युद्धकाळात तेथे लष्कर आले, १९५१ मध्ये सागरी संग्रहालय झाले. एवढ्या स्थित्यंतरांतून त्या भिंती वाचल्या हे सुदैवच.

आपल्याकडे हे सुदैव गृहीत धरण्याची सोय नाही. मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये ग्लॅडस्टन सॉलोमन यांनी १९२० च्या सुमारास भित्तिचित्रणाचा वर्ग सुरू केला, आणि पुढे तेथील विद्यार्थ्यांनी नव्या दिल्लीच्या सचिवालयातील दालने रंगविली. त्या पिढीच्या आणि तिच्या शिष्यांच्या वह्या, रंगांचे नमुने, चुन्याच्या गिलाव्याची प्रमाणे कोणाच्या माळ्यावर, कोणाच्या कपाटात असतील, त्यांना माझी विनंती आहे: ते कागद रद्दीत घालू नका. त्यांची छायाचित्रे घ्याल तेव्हा ती रंगीत घ्या, शेजारी प्रमाणरंगांची पट्टी ठेवा. कोणत्या भिंतीचे टिपण आहे, कोणत्या साली केले, हे माहीत असलेल्या माणसाकडून आजच लिहून घ्या. आणि मग तो ऐवज एखाद्या कलाशाळेच्या वा ग्रंथालयाच्या स्वाधीन, रीतसर पावती घेऊन, करा.