झिजलेला छोटा ट्रॅक्टर आणि आपले हातपाय

हातापायाला जखम घेऊन कोणी आले आणि ट्रॅक्टर किंवा पॉवर टिलरने लागले असे म्हणाले, की मी एक प्रश्न हमखास विचारतो: 'यंत्र कितव्या मालकाकडे आहे?' रुग्णाला हा प्रश्न विचित्र वाटतो. पण आमच्या भरे आणि आसपासच्या गावांत फिरणारे कित्येक छोटे ट्रॅक्टर दुसऱ्या-तिसऱ्या हाताचे असतात. आधी कोणाच्या बागेत राबलेले, मग भातखाचरात चिखलणीला आणि उतारवयात एखाद्या फार्महाउसच्या आवारात, माळ्याच्या हाती. इंजिन चालत राहते. त्याच्याभोवतीचे माणसाला सांभाळणारे भाग मात्र एकेक करून कमी होत जातात, आणि त्यांच्यावाचून काम अडत नसल्यामुळे ते परत बसवले जात नाहीत.

मी काही मेकॅनिक नाही. पण कोणता भाग गेला की कोणती जखम होते, हे माझ्या टेबलावरून बऱ्यापैकी दिसते.

सर्वांत आधी तुटते ते पीटीओच्या दांड्यावरचे प्लास्टिकचे कव्हर. हा दांडा मिनिटाला ५४० फेरे घेतो, म्हणजे सेकंदाला ९. दांड्याची जाडी ७ सेंटिमीटर धरली तर सेकंदाला जवळजवळ २ मीटर कापड त्याच्याभोवती गुंडाळले जाते. नऊवारी लुगडे साधारण ८ मीटरचे. आता हिशेब तुम्हीच करा. धोका दिसून हात मागे घ्यायला सावध माणसालाही पाव ते अर्धा सेकंद लागतो, तेवढ्यात पदर किंवा गळ्यातले उपरणे अर्धा-एक मीटर आत गेलेले असते. त्यातून होणारी जखम नुसती कापल्याची नसते. हातमोजा उलटा काढावा तशी कातडी खालच्या मांसापासून सोलून निघते. ती टाके घालून जागेवर बसत नाही, कारण तिचा रक्तपुरवठाच तुटलेला असतो. नवे कव्हर काही हजारांचे, आणि त्यानंतरच्या शस्त्रक्रिया किती, हे पहिल्या दिवशी कोणीच सांगू शकत नाही.

दुसरी गोष्ट 'डायरेक्ट' करण्याची. गियर न्यूट्रलमध्ये नसेल तर इंजिन सुरूच होऊ नये म्हणून अनेक ट्रॅक्टरांत एक स्विच असतो. तो बिघडला, की खाली उभे राहून स्टार्टरवर पाना टेकवून ठिणगी पाडायची, ही आपली पद्धत. ट्रॅक्टर गियरमध्ये राहिला असेल तर तो लगेच पुढे सरकतो आणि मागचे चाक नेमके तिथे उभ्या माणसाच्या अंगावर येते. इथे छाती आणि कंबरेची हाडे चिरडतात. बाहेर रक्त दिसत नाही आणि माणूस बोलत असतो, म्हणून घरचे 'मुका मार आहे' म्हणून थांबतात. चाक अंगावरून गेले असेल तर पोटात रक्तस्राव होत आहे असे समजूनच मोठ्या रुग्णालयात न्यायचे.

पॉवर टिलरची गोष्ट वेगळी. तिथे माणूस मागे चालतो. रिव्हर्स घेताना पाय चिखलात रुततो, हँडल वर उचलले जाते आणि फिरती पाती पायावर येतात. रिव्हर्स पडल्यावर पाती थांबावीत अशी सोय अनेक यंत्रांत असते. ती झिजली किंवा कोणी मुद्दाम काढली, तर मग नशिबावर हवाला.

आता एक जखम जरा सविस्तर सांगतो, कारण ती सर्वांत फसवी आहे. मागच्या काही वर्षांतल्या एका पावसाळ्यात चाळिशीचे एक शेतकरी तर्जनी दाखवायला आले. टोकावर सुई टोचल्याएवढे छिद्र, थोडी सूज, वेदना फारशा नाहीत. डिझेलच्या नोझलची नळी गळत होती, ती कुठून गळते हे त्यांनी इंजिन चालू असताना बोटाने चाचपले होते. मोटारीच्या टायरमध्ये साधारण २ बार दाब असतो, या नळीत १५० बारच्या पुढे. एवढ्या दाबाचे डिझेल कातडी भेदून बोटाच्या आत पसरते आणि तासागणिक आतले मांस मारत जाते. मी त्यांना ताबडतोब पुण्यात हाताच्या सर्जनकडे जायला सांगितले. 'डॉक्टर, एवढ्याशा भोकाला पुण्याला?' असे म्हणून ते उठले ते घरी जाण्यासाठीच. त्यांची पत्नी बरोबर होती. मी तिला म्हटले, 'वहिनी, आज संध्याकाळी बोट उघडून धुतले तर राहील, उद्या सांगता येत नाही.' त्या माऊलीने नवऱ्याचे काही ऐकले नाही. चिठ्ठी घेऊन पिरंगुट, भूगाव, चांदणी चौक करत दोघे पुण्याला पोहोचले आणि रात्रीच शस्त्रक्रिया झाली. बोट राहिले, पूर्ण वाकत नाही एवढेच. गळती शोधायची तर इंजिन बंद करून, किंवा पुठ्ठ्याचा तुकडा लांबून पुढे धरून. बोट कधीही नाही.

हळूहळू होणारे त्रासही आहेत. हँडलचे रबर आणि इंजिनखालची रबरे गेली की सगळी थरथर हातात येते. वर्षानुवर्षे असे काम करणाऱ्यांची बोटे बधिर होतात, गारठ्यात पांढरी पडतात. मधुमेह असेल तर सगळा दोष साखरेवर जातो, म्हणून बोटांच्या मुंग्यांसाठी येताना कोणते यंत्र चालवता तेही सांगा. जुन्या ब्रेक आणि क्लचच्या अस्तरांत अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतो, ती धूळ हवा मारून उडवू नये. ओल्या फडक्याने पुसावी.

अपघात झालाच तर पहिल्यांदा इंजिन बंद करा. अडकलेला हात ओढू नका आणि यंत्र उलटे फिरवून सोडवायचा प्रयत्न नको. पाती किंवा पट्टा सुटा करून हात मोकळा करावा लागतो. १०८ ला फोन करा. रक्त येत असेल तिथे स्वच्छ कापडाने घट्ट दाबून धरा, मध्ये मध्ये उचलून बघू नका. हळद, कॉफी, तंबाखू काहीही भरू नका, पुढच्या डॉक्टरला आधी तेच खरवडून काढावे लागते. बोट तुटले असेल तर ते स्वच्छ पाण्याने हलके धुऊन ओलसर स्वच्छ कापडात गुंडाळा, प्लास्टिकच्या पिशवीत घालून पिशवी बंद करा आणि ती बर्फ-पाण्याच्या दुसऱ्या पिशवीत ठेवा. बोट थेट बर्फात ठेवले तर ते गोठून निकामी होते.

धनुर्वाताच्या इंजेक्शनबद्दल दोन्ही टोकांचे गैरसमज आहेत. दर सहा महिन्यांनी ते घ्यावे लागत नाही. पण माती-शेण लागलेल्या जखमेत शेवटचा डोस ५ वर्षांहून जुना असेल तर घ्यावे. लहानपणापासूनचे डोस पूर्ण झालेच नसतील, तर लसीबरोबर तयार प्रतिपिंडांचे वेगळे इंजेक्शनही लागते. म्हणून वयस्कर मंडळींनी 'मागे कधीतरी घेतले होते' एवढ्यावर थांबू नये.

यंत्राचे अपघात आपल्याकडे नवे नाहीत. मळणीयंत्रांत इतके हात गेले की १९८३ साली धोकादायक यंत्रांसाठी केंद्राला स्वतंत्र कायदा करावा लागला. राज्यात गोपीनाथ मुंडे यांच्या नावाची शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजना आहे. मृत्यू झाला किंवा दोन अवयव गेले तर २ लाख, एक हात, एक पाय किंवा एक डोळा गेला तर १ लाख रुपये. अर्ज तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे करायचा असतो. दवाखान्याचे कागद पहिल्या दिवसापासून जपून ठेवा, आणि केसपेपरवर 'पडून लागले' असे न लिहवता यंत्राचे नाव लिहवून घ्या.