बॅलड की ऑपेरा?

सबमिशनच्या आदल्या रात्री रूमवर ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’वरून जुंपली. मी कॉन्व्हेंटचा, म्हणजे इंग्लिश गाणी आपलीच जहागीर! "क्वीनचं सात मिनिटांचं रॉक बॅलड," मी ठोकून दिलं.

रूमपार्टनर सांगलीकडचा, मराठी मीडियमचा. पहिल्या दिवशी त्याच्या उच्चारांना मी खूप हसलो होतो. तो शांतपणे म्हणाला, "पाच मिनिटं पंचावन्न सेकंद. १९७५. बॅलड नुसतं सुरुवातीला. गिटारनंतर ऑपेरा, मग हार्ड रॉक. ध्रुवपद दाखव बघू."

सापडेना! वर फ्रेडी मर्क्युरी पाचगणीत शिकला, हेही त्याच्याकडूनच कळलं. सगळे हसले. (मी तरी बॅलडच म्हणणार.)

पहाटे जर्नल उतरवताना मी एक इअरफोन त्याच्याकडे सरकवला.

"शेवटी घंटेसारखा ठोका आहे," तो म्हणाला, "तोवर बंद करू नकोस."